बॉक्सस्टर ९८६ : अचानक कूलंट गळू लागलं तर गळती कशी शोधायची

रात्री कोरड्या जागेवर लावलेल्या गाडीखाली सकाळी मागच्या उजव्या चाकापाशी कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, गुलाबी किंवा हिरवट डबकं दिसतं. किंवा चालत्या गाडीत तापमानाच्या काट्याजवळचा लाल दिवा लुकलुकायला लागतो, आणि थांबून मागची डिक्की उघडली की गोडसर, औषधी वास येतो. पोर्शेची ९८६ बॉक्सस्टर १९९६ ते २००४ या काळात बनली. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सगळ्यात नवी गाडीसुद्धा वीस वर्षांपुढची आहे, आणि तिच्या कूलिंग सिस्टिममधलं जे प्लास्टिक आणि रबर कधीच बदललं गेलेलं नाही ते आता आयुष्याच्या शेवटाला आलेलं आहे. त्यामुळे ही तक्रार सतत येते, आणि दुरुस्तीनंतर दोन-तीन महिन्यांत पुन्हाही येते.

ती पुन्हा येते कारण बहुतेक वेळा डबकं पाहून अंदाजाने पार्ट बदलला जातो. या गाडीत इंजिन मध्यभागी, रेडिएटर पुढच्या बंपरमागे, कूलंटची एक्स्पान्शन टाकी (पुढे नुसती ‘टाकी’) मागच्या डिक्कीत आणि या सगळ्यांना जोडणारे लांबच लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. एका टोकाला गळलेलं कूलंट खालच्या कव्हरवरून वाहत भलत्याच ठिकाणी टपकतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी नक्की करून घ्या: ओल सगळ्यात वर कुठे सुरू होते, गळती गार असताना होते की तापल्यावर, आणि गाडी चालू असताना होते की बंद केल्यावर. या तीन उत्तरांतच निम्मं निदान होतं.

डाव्या-उजव्याबद्दल आधीच एक खुलासा. अमेरिकन माहितीत ‘ड्रायव्हरची बाजू’ म्हणजे डावी. इंग्लंडमधल्या, ऑस्ट्रेलियातल्या किंवा भारतातल्या गाडीत ड्रायव्हर उजवीकडे बसतो, पण इंजिन तेच आणि तसंच बसवलेलं असतं. त्यामुळे इथे डावं-उजवं म्हणजे सीटवर बसून पुढे पाहताना जे असेल ते. पोर्शेच्याच, याच काळातल्या ९९६ मॉडेलच्या ९११ मध्ये हीच जातकुळी असलेलं इंजिन मागे, उलट दिशेने तोंड करून बसतं, तिथे पंप आणि टाकीच्या बाजू अदलाबदल होतात.

दिवा लागला तर पहिलं काम इंजिन वाचवण्याचं

लुकलुकणारा दिवा म्हणजे पातळी कमी झाली आहे किंवा इंजिनच्या कप्प्यातल्या पंख्याच्या सर्किटमध्ये बिघाड आहे. स्थिर पेटलेला दिवा म्हणजे इंजिन तापलं आहे. दोन्ही वेळी सुरक्षित जागा बघून थांबा. स्थिर दिव्यावर ‘घर दोनच किलोमीटरवर आहे’ हा हिशोब करू नका. या इंजिनाचे हेड (सिलिंडरांची टोकं झाकणारे भाग) अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, आणि व्हॉल्व्हच्या बैठकांच्या मधल्या अरुंद भागात एकदा तडा गेला की टाकी किंवा पंपाच्या खर्चाची जागा अख्ख्या इंजिनाचा खर्च घेतो.

काट्यावर एका परिस्थितीत मुळीच भरवसा ठेवता येत नाही. कूलंट एकदम निघून गेलं की तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि काटा चक्क खाली येतो. पाहणाऱ्याला वाटतं, गाडी थंड झाली. खरी खूण हीटर देतो. तो गरमवर ठेवल्यावर आधी गरम हवा येत होती आणि आता गार येते, आणि त्याच वेळी मागून वास किंवा वाफ आहे, तर सिस्टिममध्ये पाणी राहिलेलं नाही. त्या क्षणी इंजिन बंद करा आणि गाडी फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीच्या, टो-ट्रकवरूनच न्या.

टाकीचं झाकण तापलेल्या गाडीत उघडू नका. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असतं आणि झाकण सुटताच त्याची वाफ होऊन ते हातावर-तोंडावर उडतं. दीड-दोन तास थांबा. इंजिनकडे जाणारा जाड होज हाताने घट्ट धरता आला, दाबल्यावर मऊ लागला, म्हणजे उघडायला हरकत नाही. तेव्हाही आधी पाव वळसा, फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबायचं, मग पुढे.

दिवा लुकलुकतो पण टाकीवरच्या खुणांमध्ये पातळी बरोबर आहे, असंही होतं. तेव्हा टाकीतला पातळीचा सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर तपासा. डिक्कीच्या कार्पेटमध्ये टाकीची पातळी दिसण्यासाठी खाच ठेवलेली आहे. गाडी सपाट जागेवर, इंजिन पूर्ण गार, अशा वेळीच वाचा.

ओल कुठे आहे, यावरून कोणाकडे बोट जातं

गाडी चार स्टँडवर घ्या. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. खालचं कव्हर काढा आणि चांगल्या टॉर्चने वरून खाली पाहत या. कूलंट वाळलं की मागे पांढरट किंवा गुलाबीसर पापुद्रा ठेवतं, हिवाळ्यात काचेवर मिठाचं पाणी वाळल्यासारखा. हा पापुद्रा पुसू नका. तो जिथून सुरू होतो ते गळतीचं तोंड, आणि तो जिथे संपतो तिथे डबकं. जुना पापुद्रा आणि ताजी ओल दोन वेगळ्या जागी असतील तर गळत्याही दोन आहेत, आणि या वयाच्या गाडीत ते अगदी नेहमीचं आहे.

मागच्या उजव्या चाकाच्या आसपास थेंब असतील तर संशय टाकीवर किंवा तिच्या झाकणावर. मागच्या डाव्या चाकाच्या पुढे, सीटच्या पाठीमागच्या भागाखाली असतील तर वॉटर पंप किंवा त्याला लागून असलेलं थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं) घर. पुढच्या चाकांच्या कमानीत, बंपरच्या कोपऱ्यात असतील तर रेडिएटर. मधोमध, पोटाखाली कुठेतरी असतील तर लांब पाइपांचे जोड आणि क्लॅम्प. अमेरिकेच्या ईशान्य भागात किंवा इंग्लंडात, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या गाड्यांत या क्लॅम्पांचं स्टील आधी गंजतं. कार्पेट पायापाशी ओलं आणि काचेवर आतून तेलकट धुकं, तर हीटरची जाळी.

पुढे उन्हाळ्यात पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं असतं. बोटावर घेऊन चोळा. कूलंट बुळबुळीत लागतं, पाणी लागत नाही. चव मात्र घेऊ नका, कूलंट विषारी आहे. गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून डबकं लगेच धुवून काढा.

वेळही महत्त्वाची आहे. फक्त थंडीच्या रात्री गळतं आणि गाडी तापली की थांबतं, तर बहुधा क्लॅम्पखालचं जुनं रबर आकसून कडक झालेलं आहे. फक्त तापल्यावर गळतं, तर प्लास्टिकचा बारीक तडा दाबाने उघडतो आहे. गाडी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत एकदम अर्धा लिटर बाहेर येतं, तर झाकण दाब धरत नाही, कारण बंद केल्यावर पाण्याचं फिरणं थांबतं आणि इंजिनमधली साठलेली उष्णता त्याला आणखी तापवते.

प्रेशर टेस्ट : पार्ट मागवण्याआधी ही हवीच

हातपंपाचा कूलिंग सिस्टिम टेस्टर आणि या टाकीच्या आट्यांना बसणारा अ‍ॅडॉप्टर लागतो. बहुतेक संचांत फोक्सवॅगन-आउडीसाठी म्हणून दिलेल्या अ‍ॅडॉप्टरांपैकी एक बसतो, पण घेण्याआधी पोर्शे ९८६ साठी चालतो याची खात्री करा. गॅरेजकडून भाड्यानेही मिळतो.

इंजिन गार, पातळी खुणेपर्यंत भरलेली. टेस्टर लावा आणि सुमारे १ बार, म्हणजे १५ पीएसआयपर्यंत दाब भरा. त्याच्या पुढे जाऊ नका, वीस वर्षांचं प्लास्टिक तपासणीतच फोडून काही कळत नाही. काटा १५ ते २० मिनिटं पाहा. निरोगी सिस्टिममध्ये तो जागचा हलत नाही. पडत असेल तर दाब पुन्हा १ बारवर आणून टॉर्च घेऊन खाली जा. आता गळती सावकाश, वाफेशिवाय, भाजल्याशिवाय समोर दिसते. ऐकाही. बारीक तड्यातून सूं आवाज येतो.

गार टेस्टमध्ये काहीच सापडलं नाही आणि तक्रार मात्र तापल्यावरची आहे, तर गाडी तापवून, होज हातात धरण्याइतका निवेपर्यंत थांबून, कोमट असतानाच टेस्ट पुन्हा करा. प्लास्टिक थोडं फुगलेलं असतं आणि तडा बोलतो. तरीही हाती लागलं नाही तर कूलंटमध्ये यूव्ही डाय (अतिनील उजेडात चमकणारा रंग) घाला, शंभरेक किलोमीटर चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघा. डाय ओतण्याआधी सगळा भाग पाण्याने धुवून घ्या, नाहीतर सांडलेला डायच चमकत राहतो आणि दिशाभूल करतो.

काटा पडतो, बाहेर कुठेच ओल नाही, डिक्कीचं कार्पेट कोरडं, केबिन कोरडी. असं असेल तर थेट खालच्या ‘आत गळणं’ या भागाकडे जा.

टाकी आणि झाकण

या गाडीतली सगळ्यात जास्त वेळा होणारी गळती इथली, आणि सगळ्यात जास्त चुकीचं निदानही इथलंच. टाकी डिक्कीत उजवीकडे, कार्पेटच्या मागे बसते. तिचं प्लास्टिक गरम-गार होत ठिसूळ होतं आणि जोडाच्या रेषेवर किंवा मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला केसासारखा तडा जातो. समोरून पाहिलं तर टाकी धडधाकट दिसते. कूलंट कार्पेटखाली डिक्कीच्या तळात साठतं आणि तिथून झिरपत मागच्या उजव्या चाकाकडे खाली पडतं.

झाकण निकामी झालं तर जास्तीचा दाब ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर जातो, आणि तेही मागच्या उजव्या बाजूलाच पडतं. रस्त्यावरचं डबकं दोन्हींत सारखं. फरक डिक्कीत कळतो. कार्पेट पूर्ण उचला, तळावर हात फिरवा. तळ ओला किंवा चिकट, तर टाकी. तळ ठणठणीत कोरडा आणि तरी खाली थेंब, तर आधी झाकण.

खात्रीसाठी एक साधी युक्ती. टाकीच्या खालच्या कडेला आणि हात पोचेल तिथवर मागच्या फटीत कोरडे टिश्यू पेपर सरकवून ठेवा, दिवसभर गाडी वापरा, दुसऱ्या दिवशी सकाळी काढा. पेपरवर गुलाबी-हिरवट डागाची कड उमटलेली असेल तर तो कागद कुठे होता त्यावरून तड्याची जागाही कळते. वरच्या कागदावर डाग आणि खालचा नुसता ओला, तर गळती टाकीच्या वरच्या भागात किंवा झाकणाच्या गळ्यापाशी आहे.

झाकणावर छापलेला पार्ट नंबर पाहा. जुनी झाकणं ९९६.१०६.४४७.०० किंवा ०१ वर संपतात, सुधारित झाकण ९९६.१०६.४४७.०४. शेवटचे दोन आकडे ०४ नसतील तर गळती कुठेही असो, झाकण बदला. किंमत किरकोळ आहे. झाकणाच्या आतला रबरी रिंग चपटा किंवा चिरलेला असेल तर ०४ चं झाकणही नवं घ्या.

टाकीला बाहेरून सीलंट, इपॉक्सी किंवा प्लास्टिकचं वेल्डिंग करू नका. तडा दिसतो तेवढाच नसतो, बाकीचं प्लास्टिकही तितकंच ठिसूळ झालेलं असतं आणि महिनाभरात चिकटवलेल्या जागेच्या शेजारी नवा तडा जातो. ‘दुरुस्त करूनही पुन्हा गळतंय’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

बदलायला अवघड काहीच नाही, पण जागा अतिशय अडचणीची आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने अख्खा दिवस धरावा. कूलंट खालून काढून घ्या. तेलाचं आणि कूलंटचं झाकण काढून वरचं प्लास्टिकचं कव्हर उचला, डिक्कीचं कार्पेट काढा. टाकीच्या मागच्या तोंडांवरचे होज इंजिनच्या बाजूने सोडवावे लागतात, आणि तिथले स्प्रिंगचे क्लॅम्प नेमके हात न पोचणाऱ्या दिशेला तोंड करून असतात. लांब केबलची क्लॅम्प-पक्कड असेल तर दोन तास वाचतात. तेल भरण्याची नळी टाकीपाशीच बसते. ती अलग करताना तिचं जुनं प्लास्टिक तुटणार नाही हे बघा, आणि तोंड स्वच्छ फडक्याने बांधून ठेवा. होज ओढून निघत नसेल तर ओढत बसू नका. आधी थोडा पिळून मोकळा करा, तरीही नाही निघाला तर होजच कापा आणि नवा घाला. टाकीवरचं प्लास्टिकचं तोंड मोडलं तर जुन्या टाकीचं काही जात नाही, पण पलीकडच्या पाइपचं तोंड मोडलं तर काम दुप्पट होतं. सेन्सर जुन्या टाकीतून काढून घेणार असाल तर त्याची सील नवी टाका. नवीन टाकी बसवल्यावर कार्पेट लावण्याआधी पुन्हा प्रेशर टेस्ट करा.

वॉटर पंप

पंप इंजिनच्या पुढच्या तोंडाशी, डाव्या बाजूला, पट्ट्यावर फिरतो. त्याच्या अंगात एक बारीक छिद्र असतं. आतली सील गेली की तिथून थेंब येतात. ही सूचना आहे आणि ती दुर्लक्षित करण्यासारखी नाही. सील गेली की पाणी बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग ढिलं होतं, आणि मग आतला प्लास्टिकचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) डगमगत इंजिनच्या घराला घासतो. पाती तुटतात आणि त्यांचे तुकडे कूलंटच्या अरुंद वाटांत जाऊन बसतात. त्यानंतर नवा पंप लावूनही एखादा सिलिंडर तापत राहतो. धातूच्या इम्पेलरचा पंप बऱ्याच जणांना जास्त टिकाऊ वाटतो, पण बेअरिंग गेल्यावर तो धातूच इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियमला कोरतो. प्लास्टिक मोडलं तर पंप गेला, धातूने कोरलं तर इंजिनचं घर गेलं. प्लास्टिकचाच घ्यावा आणि वेळेत बदलावा हे आमचं ठाम मत.

तपासायचं असं. सीटच्या मागचं कार्पेट आणि त्यामागचं पत्र्याचं झाकण काढलं की पट्टा आणि पुल्या समोर येतात. फिरत्या पट्ट्याने उडवलेलं कूलंट झाकणाच्या आतल्या बाजूला सरळ रेषेत शिंतोड्यांसारखं वाळलेलं दिसतं. तशी शिंतोड्यांची रेष दिसली की संशय पंपावर पक्का होतो. मग पट्टा ताणून धरणारा टेन्शनर २४ च्या पान्याने फिरवून पट्टा उतरवा, पंपाची पुली वर-खाली दोन बोटांत धरून हलवा. जराही खेळ जाणवला किंवा फिरवताना खरखर लागली तर पंप संपला आहे. आवाज पंपाचाच आहे का हे पाहायला पट्टा नसताना इंजिन काही सेकंद चालू करता येतं. काही सेकंदच, कारण पट्ट्याशिवाय पाणी फिरत नाही.

पंप सात बोल्टवर असतो, १० चा पाना. बोल्ट काढताना कोणता कुठला ते पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून त्यात खोचून ठेवा. पॅकिंगची बैठक प्लास्टिकच्या पट्टीने साफ करा. स्क्रू-ड्रायव्हरने अ‍ॅल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तिथून कायमची गळती. नवं धातूचं पॅकिंग कोरडंच लावायचं, वर सिलिकॉन फासायचं नाही. बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे करत १० न्यूटन-मीटरवर आवळा. टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) नसेल तर हे काम पुढे ढकला, कारण या मऊ धातूतले आटे हाताच्या अंदाजाने सहज निघतात. जुना पंप हातात आला की त्याची पाती तपासा. एखादं तुटलेलं असेल तर ते तुकडे शोधून बाहेर काढल्याशिवाय नवा पंप बसवू नका. थर्मोस्टॅट पंपाला लागूनच आहे, तो याच वेळी बदलावा. तेवढ्यासाठी पुन्हा कूलंट काढावं लागू नये.

पुढचे रेडिएटर आणि पंखे

बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक रेडिएटर, एस मॉडेलमध्ये मधोमध तिसरा. त्यांच्या पुढे एसीचा कंडेन्सर. या दोघांच्या मधल्या फटीत पानं, माती, पिसं साठतात, ओली राहतात आणि रेडिएटरचा खालचा भाग आतल्या आत कुजवतात. बाहेरून जाळीतून बघून हे कळत नाही, बंपर काढावाच लागतो. वर्षातून एकदा तो काढून दोन्ही वेगळे करून मऊ ब्रशने साफ केले तर रेडिएटर बराच टिकतो. प्रेशर वॉशर वापरू नका, पातळ पाती वाकतात.

गळतीशी पंख्यांचाही संबंध आहे. एसी चालू केला की दोन्ही बाजूंचे पंखे हळू वेगाने फिरायला हवेत. एक फिरत नसेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर (पंख्याला हळू वेग देणारा विजेचा पार्ट) जळलेला असतो. मोटर ठीक असते आणि मोठ्या वेगाला ती फिरतेही, म्हणून दोष लक्षात येत नाही. मग ट्रॅफिकमध्ये गाडी तापते, दाब वाढतो, आणि सगळ्यात कमजोर जागेतून, म्हणजे झाकणातून किंवा टाकीच्या तड्यातून, कूलंट बाहेर येतं. टाकी बदलूनही दरवर्षी उन्हाळ्यात गळती परत येत असेल तर आधी हे पंखे पाहा.

आत गळणं

कूलंट कमी होतं, खाली एक थेंब नाही. तेव्हा तेल आणि कूलंट एकत्र झालेत का ते बघायचं. तेलाच्या झाकणाखाली पिवळसर-पांढरा फेस दिसला की लोक घाबरतात. या गाडीत तेल भरण्याची नळी लांब आणि प्लास्टिकची आहे, थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या तर तिच्यात दमट हवेचं पाणी साचून तसा फेस होतोच. तो पुसून टाका, तासभर हमरस्त्यावर गाडी चालवा, पुन्हा पाहा. परत आला नाही तर विषय संपला.

कूलंटच्या टाकीत मात्र तपकिरी, दुधाळ चहासारखा गाळ दिसला तर ती गंभीर गोष्ट आहे. इंजिन चालू असताना तेलाचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तेल पाण्यात ढकललं जातं. बंद केल्यावर तेलाचा दाब शून्य आणि कूलंट अजून दाबाखाली, मग पाणी तेलात जातं. अशा गाडीचं इंजिन पुन्हा सुरूच करू नका, पाणीमिश्रित तेलावर बेअरिंग काही मिनिटांत खराब होतात. कारण तेल थंड करणारा हीट एक्स्चेंजर असू शकतो किंवा तडकलेला हेड. हीट एक्स्चेंजर काढून वेगळा प्रेशर टेस्ट करता येतो आणि तो स्वस्त आहे, म्हणून तोच आधी.

तेल स्वच्छ आणि तरी कूलंट कमी होत असेल तर ब्लॉक टेस्टर घ्या. टाकीच्या तोंडावर ठेवून इंजिन चालू असताना वरची हवा निळ्या द्रावणातून ओढायची. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळं द्रावण पिवळं पडतं. त्याच्या जोडीला सुरू करताना सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, आणि गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत होज दगडासारखा कडक, ही लक्षणं असतील तर हेड उघडल्याशिवाय मार्ग नाही.

रेडिएटरमध्ये ओतायची ‘लीक बंद’ करणारी पावडर किंवा द्रव या गाडीत अजिबात घालू नका. गळती आठवडाभर थांबेल, पण तो चिकट पदार्थ हीट एक्स्चेंजर आणि हीटरच्या बारीक वाटांत बसतो, आणि मग गाडी तापण्याचं कारण शोधणं फार जड जातं.

पुन्हा भरणं आणि हवा काढणं

सिस्टिममध्ये पंधरा लिटरहून जास्त कूलंट मावतं, त्यामुळे एक बाटली आणून भागत नाही. फॉस्फेट नसलेलं, पोर्शेने मान्य केलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. दोन जातींची कूलंट मिसळली तर गाळ होऊ शकतो, आधीचं कोणतं होतं माहीत नसेल तर सगळं काढून डिस्टिल्ड वॉटरने धुवून घ्या. बोअरवेलचं पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या वाटांत क्षार बसवतं, नळाच्या पाण्याचाही भरवसा धरू नका.

टाकीच्या वर झाकणाशेजारी हवा काढायचा व्हॉल्व्ह आहे, त्यावर तारेची कडी. ती उभी केली की व्हॉल्व्ह उघडा. कडी उभी ठेवून सावकाश भरत राहा, पातळी घसरली की पुन्हा भरा. इंजिन सुरू करा, हीटर पूर्ण गरमवर, पातळी स्थिरावेपर्यंत भरत राहा, झाकण लावा आणि सुमारे २५०० आरपीएमवर दहा मिनिटं ठेवा. त्या वेळात ओबीडी रीडरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणाऱ्या उपकरणावर) खरं तापमान पाहत राहा, काटा फार ढोबळ आहे. हीटरमधून सलग गरम हवा आली म्हणजे पाणी पुढपर्यंत पोचलं. मधेच गार झाली तर हवा अडकली आहे, बंद करा, निवू द्या, भरा, पुन्हा.

यापेक्षा व्हॅक्यूम फिलर चांगला. कॉम्प्रेसरने सिस्टिममधली हवा ओढून घ्यायची, काटा काही मिनिटं जागेवर राहिला की गळती नाही याचीही खातरजमा होते, मग त्याच ओढीने कूलंट आत जातं आणि हवा राहतच नाही. पोटाखालचे लांब पाइप असलेल्या या गाडीला हाच मार्ग सगळ्यात खात्रीचा आहे.

अडकलेली हवा नंतर सुटते आणि पातळी एकदम खाली जाते, तेव्हा दिवा पुन्हा लुकलुकतो आणि दुरुस्ती फसली असं वाटतं. म्हणून पहिले दोन-तीन दिवस सकाळी, गार इंजिनवर पातळी पाहा आणि टाकीवर पेनाने खूण करा. हातानेच भरलं असेल तर कडी पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर खाली करा. अर्धा लिटरपर्यंत घट स्वाभाविक आहे, तेवढं भरा. तिसऱ्या दिवशीही घट चालूच असेल तर कार्पेटखाली टिश्यू पेपर पुन्हा ठेवा आणि टेस्टर पुन्हा लावा.